गुरुजी अजून आलेच नाहीत

खोडके गुरुजी गेल्या वर्षी पुण्याला मुलाकडे असताना वारले आणि डोणगावात त्यांची शोकसभा झाली. माईक माझाच होता. गावात मंडप, खुर्च्या आणि माईक हा धंदा माझा, त्यामुळे गावातलं प्रत्येक भाषण माझ्या तारेतून जातं, पण मला स्वतःला 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' याच्या पुढे बोलायची वेळ कधी आली नाही. त्या सभेत सात जण बोलले. गुरुजी शिस्तप्रिय होते, मनमिळाऊ होते आणि त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली, असं सातही जणांनी सांगितलं. एकानं तर त्यांना गणिताचे शिक्षक करून टाकलं. मी मागं ॲम्प्लिफायरपाशी बसून नुसता चडफडत होतो. गुरुजींची शिस्त काय चीज होती हे त्यालाच कळेल, ज्यानं त्यांच्याबरोबर लोणारच्या पायऱ्यांवरून जांभळी सुटकेस उतरवली आहे. तो माणूस मी. मला कुणी बोलायला सांगितलं नाही म्हणून लिहायला बसलो आहे.

गुरुजी आमच्या शाळेत भूगोल शिकवायचे. मीही त्यांच्या वर्गात होतो, म्हणजे बसत होतो. पण त्यांचा खरा विषय सत्कार. गावात कुणी काही बरं केलं की गुरुजींचे हात शिवशिवायला लागत. नारळ कानाशी धरून हलवून बघणार आणि तीनातले दोन परत करणार. खुर्चीचे चारही पाय दाबून बघणार, कारण एकदा एक सभापती खुर्चीसकट मागं गेले होते. हार आला की तो आधी माझ्या गळ्यात घालून लांबी पाहायचे. अशा रीतीनं डोणगावात सगळ्यात जास्त हार माझ्या गळ्यात पडले असतील, पण ते सगळे दुसऱ्यांच्या मापाचे. स्वतःच्या गळ्यात मात्र गुरुजींनी कधी हार घालून बघितला नाही. "ज्याचा मान त्याले," म्हणायचे.

सत्काराला माणूस मोठाच पाहिजे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. भर पावसाळ्यात खांबावर चढून लाईन जोडणारा वायरमन, म्हैस वाचवणारे गुरांचे डॉक्टर, बदली होऊन चाललेले पोस्टमन, पारध्यांमधून पहिल्यांदा दहावी पास झालेली पोरगी, सगळ्यांना त्यांनी शाल घातली. नवा माणूस भेटला की नावगाव विचारून झाल्यावर त्यांचा तिसरा प्रश्न ठरलेला. "तुहा सत्कार झाला काय बे कधी?" समोरचा नाही म्हणाला की गुरुजींच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुःख दिसायचं.

एकदा शेजारच्या वस्तीतल्या एकानं विहिरीवरची मोटर चोरली आणि तिसऱ्या दिवशी पश्चात्ताप होऊन परत आणून ठेवली. मोटरमालक पोलिसात निघाला होता. गुरुजींनी त्याला वाटेत अडवलं आणि ग्रामपंचायतीत त्या माणसाचा प्रामाणिकपणाबद्दल सत्कार ठेवला. हार मोटरमालकाच्याच हातून घालवला. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता. सत्कारमूर्ती मात्र ढसाढसा रडला. त्यानं पुढं कधी कशाला हात लावला नाही. सत्काराचा फोटो त्यानं दारासमोरच लावलाय, आता चोरी करायची म्हटली तर फोटो उतरवावा लागेल.

गुरुजींची आणखी एक गंमत म्हणजे त्यांना दोन भाषा होत्या. खाली आमच्यासारखीच अस्सल वऱ्हाडी. माईकसमोर उभे राहिले की एकदम छापील. "यासीन, आवाज वाढव ना बे, काऊन झोपला?" असं मला दबक्या आवाजात म्हणणार आणि तोंड वळवून लगेच, "उपस्थित मान्यवर, रसिक बंधू आणि भगिनींनो!" मध्ये श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत.

आता असा हा माणूस छत्तीस वर्षांनी निवृत्त झाला, तेव्हा त्याचा केवढा सोहळा व्हायला हवा होता! झाला नाही. निवृत्ती आली ती नेमकी निवडणुकीच्या आचारसंहितेत. वरून तोंडी निरोप आला की शाळेत कसलाही कार्यक्रम नको. मी मंडपाचे बांबू आणून टाकले होते ते तसेच परत नेले. गुरुजी चार वाजता सही करून, पिशवी घेऊन, चालत घरी गेले. "नियम म्हंजे नियम," एवढंच म्हणाले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्यांना किती वाटलं ते मला पुढं लोणारला कळलं.

निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी पुण्याच्या मुलानं आईवडलांना जहाजाची सहल ठरवून दिली. मुंबईहून निघायचं, समुद्रात फिरायचं, परत मुंबईला यायचं, चार रात्री पाच दिवस. मुलगा आणि सूनही जाणार होते, पण त्यांना ऐन वेळी सुटी मिळाली नाही. त्यांच्या खोलीत मग माझी वर्णी लागली. माझ्या बायकोनं पाण्याचं नाव काढताच कानाला हात लावले, म्हणून मी एकटाच. "कार्यक्रमाले माईकवाला लागतेच," असं गुरुजींनी कारण दिलं. जहाजावर कसला कार्यक्रम, हे मी विचारलं नाही. मला माहीतच होतं.

डोणगावातून जहाजावर जाणारे आम्ही पहिलेच. त्यामुळे परतल्यावर बसस्टँडवर गुरुजींचं जंगी स्वागत आणि सत्कार करायचा असं सरपंचांनी ठरवलं. "गुरुजी, पत्रिका तुमीच लिहून द्या ना," असं ते म्हणाले, तेव्हा गुरुजी ताडकन उठले. "माह्या सत्काराची पत्रिका मी कशी लिहू? काही रीत हाय का नाही?" फक्त दिवस आणि वेळ मात्र त्यांनी सांगितली. रविवार, संध्याकाळी साडेपाच.

इथं घोटाळा झाला. पाच दिवस म्हणजे पाचव्या दिवसाचं रात्रीचं जेवणसुद्धा आपल्याकडे, असं गुरुजींनी धरलं. आमच्याकडे पाहुण्याला कुणी सकाळी वाटेला लावत नाही, जेवल्याशिवाय तर नाहीच. म्हणून शनिवारी रात्री जहाजावर जेवायचं, रविवारी सकाळच्या गाडीनं निघायचं आणि संध्याकाळी गावात, असा त्यांचा हिशेब. जहाजवाल्यांनी शनिवारी सकाळी नाश्ता झाल्या झाल्या आम्हाला सामानासकट धक्क्यावर उतरवलं. "जेवनाचं विचारलं बी नाही," गुरुजी बराच वेळ म्हणत होते. गुरुजींच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, पाच दिवस उलट्यांनी हैराण केलं होतं, त्यांना आता मुंबईची जमीनही हलताना दिसत होती. "पयल्या गाडीनं घरी," असं त्यांनी निक्षून सांगितलं. रात्रीच्या गाडीत जागा मिळाली आणि रविवारी पहाटेच आम्ही जालन्याला पोचलो. एरवी वाटेत हमखास काहीतरी अडतं. त्या दिवशी मेहकरची बस लगेच मिळाली, तिचं टायरही फुटलं नाही. नऊच्या सुमाराला सुलतानपूर फाटा आला तेव्हा गुरुजींनी घड्याळ बघितलं आणि एकदम ओरडले, "मास्तर, थांबवा!"

सामानासकट आम्ही खाली. सामान काय होतं ते सांगतो. चाकांच्या दोन भल्यामोठ्या जांभळ्या सुटकेसा, जहाजावर गादी मिळाली नाही तर असावी म्हणून नेलेली एक वळकटी, आणि माझी पिशवी. सुटकेसा सुनेनं पाठवलेल्या. निघायच्या आधी आठवडाभर त्या गुरुजींच्या ओसरीत ठेवल्या होत्या आणि अर्धं गाव येऊन त्यांची चाकं फिरवून गेलं होतं. एका सुटकेसमध्ये कपडे. दुसऱ्यात दोन शाली आणि पाच नारळ. हे नारळ जहाजावरच्या सत्कारांसाठी होते, पण बंदरावर तपासणीत ते काढून घेतले गेले आणि परतताना चिठ्ठी दाखवून परत मिळाले. गुरुजींनी तरी एक सत्कार केलाच. खोली आवरणारे एक पोक्त गृहस्थ रोज टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवायचे. गुरुजींनी पाच दिवसांत एकही हत्ती मोडला नाही, आंघोळ करून ते आपल्या पंच्यानंच अंग पुसायचे. शेवटच्या दिवशी चारही हत्ती ओळीनं मांडून त्यांच्यासमोर त्या गृहस्थांना शाल घातली. मी टाळ्या वाजवल्या. काकू बाथरूममध्ये होत्या.

तर फाट्यावर काकूंनी विचारलं, "इथं काऊन उतरून राह्यले? मेहकर तं पुढं हाय."

"मेहकरात गेलो तं संपलं. घरोघरी माह्ये विद्यार्थी. दहा मिनटात डोनगावात फोन जाते, का गुरुजी आले. मंग संध्याकाळी कोनाचं स्वागत करतीन ते?"

"अहो, मले आंग धुवाचं हाय. पिठलं-भाकर खाची हाय. घर घंट्याभरावर हाय आपलं!"

"साडेपाचले जाऊ. साडेपाच सांगतलं हाय."

"आनं तोपरेंत?"

गुरुजींनी चहूकडे पाहिलं. "लोनार पाहू," म्हणाले.

गुरुजींनी लोणारला शाळेच्या इतक्या सहली नेल्या होत्या की तिथली माकडं त्यांना ओळखत असावीत. काकू एकदाच आल्या होत्या, त्याही मुलं मोजायला. दिवसभर मुलंच मोजली, तळं बघायचं राहिलं. आणि आता त्या जहाजावरून उतरून, रात्रभर गाडीत बसून, न धुतल्या तोंडानं तळं बघायला चालल्या होत्या. रिक्षात त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. गुरुजी मला खुणेनं सांगत होते की तूही बोलू नकोस.

तळ्याच्या वरच्या कडेला धारेचं देऊळ आहे, तिथं एका चहावाल्यानं आपणहून सांगितलं, "सामान ठेवून जा बावाजी, मी पाहातो." मी सुटकेस ठेवणारच होतो. गुरुजींनी माझा हात धरला. "खुळा हाय काय? या पेट्या अख्ख्या डोनगावानं पाह्यल्या. आज रविवार, गावातलं कोनीबी इथं येऊ शकते. मानूस लपवता येते, जांभळी पेटी कशी लपवशीन?" मग सामान कुठं ठेवायचं? तर बरोबर घेऊन खाली उतरायचं. तळ्याच्या काठच्या झाडीत गेलं की वरून कुणाला काही दिसत नाही.

ज्यांनी ती जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोणारचं तळं एका प्रचंड खळग्याच्या तळाशी आहे. उतरायला पायऱ्या आहेत, पण त्या चाकाच्या सुटकेसचा विचार करून केलेल्या नाहीत. पुढं गुरुजी कपड्यांची सुटकेस घेऊन, मागं मी नारळांची घेऊन, डोक्यावर वळकटी. सर्वांत मागं काकू, हातात फक्त चप्पल. प्रत्येक पायरीला माझ्या सुटकेसमधले पाच नारळ या टोकापासून त्या टोकापर्यंत गडगडत जायचे आणि परत यायचे. दर्शनाला आलेली माणसं थांबून आमच्याकडे बघत होती. एका बाईनं काकूंना विचारलं, "मुक्कामाले आले काय?" काकू म्हणाल्या, "त्यायलेच इचारा."

अर्ध्यावर माझा हात घामानं सुटला. सुटकेस निघाली. आधी सावकाश, एकेक पायरी, जणू विचार करत. मग तिनं वेग घेतला. गुरुजी वळून पाहतात तो ती त्यांच्या अंगावर येत होती. त्यांनी कठड्यावर उडी मारली, साठी उलटलेला माणूस एवढी उंच उडी मारू शकतो हे मला माहीत नव्हतं. सुटकेस त्यांच्या बाजूनं गेली, खालच्या वळणावर भिंतीला धडकली आणि उघडली. एक चाक झाडीत गेलं. पाचही नारळ स्वतंत्रपणे खाली निघाले. खाली एक कुटुंब पूजा करत बसलं होतं. वरून नारळ येताना बघून त्यातल्या आजोबांनी हात जोडले, पहिला आला तो उचलला आणि लगेच दगडावर फोडला. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा त्यांनी आमच्याच हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

गुरुजींनी तो खाल्ला, चावला आणि मला हळूच म्हणाले, "नारळ चांगला निंगाला. म्या कानाशी लावूनच घेतला व्हता."

इतका वेळ गप्प असलेल्या काकू तिथं पायरीवर बसून हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं गाडं रुळावर आलं. पण तळ्याकाठी पोचल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि सरळ सांगितलं, "हासून झालं. आता मी घरी जातो. तुमी बसा साडेपाचपरेंत."

गुरुजी कपड्यांच्या सुटकेसवर बसले. समोर ते हिरवट पाणी, त्याचा तो उग्र वास, झाडीत मोर ओरडत होता. मग बोलले ते काकूंकडे न बघता.

"छत्तीस वर्सं मी लोकायले खुर्चीवर बसोलं, वत्सला. हार घालताना मानूस कसा होते, मी रोज पाह्यलं. एखांदा खाली मान घालते. एखांदा रडते. तो मोटर चोरनारा सुदा रडला. मले कसं होईन, मले मालूमच नाही. रिटायर झालो तवा वाटलं व्हतं, आता समजीन. नाही समजलं. आता एकदा बसून पाहाचं हाय. पुन्हा कोन बसवते?"

मी वळकटीचे बंद सोडायला लागलो आणि पुन्हा बांधायला लागलो. काकू उभ्याच होत्या. मग त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "चाला मंग. तळं तरी नीट दाखवा. त्या वक्ती पोट्टेच मोजले मी."

गुरुजी टुणकन उठले. पुढचे तीन तास त्यांनी आम्हाला सहलीच्या मुलांसारखं फिरवलं. उल्का कशी पडली, पाणी खारट का, झाडीतलं कुठलं देऊळ कुठल्या बाजूला तोंड करून आहे, सगळं सांगितलं. तीन चाकांची सुटकेस मी ओढत होतो, ती डावीकडेच जायची. एका देवळाशी दर्शनाला म्हणून सामान खाली ठेवलं, तर एक वानर येऊन जांभळ्या सुटकेसवर ऐटीत बसलं. मी हाकलायला गेलो. "राहू दे," गुरुजी म्हणाले, "एकदा बसलेल्याले उठोवत नसतात." ते वानर स्वतःहून जाईपर्यंत आम्ही तिघं समोर उभे.

दुपारी सगळं वर चढवलं. त्याचं वर्णन करत नाही, माझ्या गुडघ्यांना अजून आठवतं. वर चहावाल्याच्या बाकावर टेकलो आणि समोरून गजू फुलवाला आला. डोणगावचा गजू, डोक्यावर फुलांची टोपली. मेहकरातली फुलं लग्नाच्या तिथीमुळे संपली होती, म्हणून बिचारा लोणारच्या मळ्यात आला होता. फुलं कशासाठी, हे सांगायला नकोच. गुरुजींनी वळकटी तोंडासमोर धरली. पण सुटकेस दिसली.

"गुरुजी?" गजू वाकून बघायला लागला. "तुमी तं संध्याकाळी येनार व्हते ना?"

वळकटीमागून आवाज आला, "मी अजून आलोच नाही."

"असं काय. मंग हे कोन?"

"हे बघ गजू," गुरुजींनी वळकटी खाली केली, "मी साडेपाचले येनार हाय. तू मले पाह्यलं नाही. कोनाले सांगजो नोको. शपथ घे."

गजूनं टोपलीवर हात ठेवून शपथ घेतली. मग डोकं खाजवत म्हणाला, "आता दिसलेच नाही तं एक काम करतो. हाराचं माप घेऊन घेतो. म्या अंदाजानंच करून राह्यलो व्हतो." आणि खिशातून दोरा काढून त्यानं गुरुजींच्या मानेपासून पोटापर्यंत माप घेतलं. गुरुजी सरळ ताठ उभे राहिले. एरवी दहा सूचना दिल्या असत्या, हा झेंडू नको, ती शेवंती घे, मधे पान घाल. एक चकार शब्द काढला नाही. दोरा मानेला लागला तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

चार वाजता मेहकरच्या काळीपिवळीत जाऊन बसलो. ड्रायव्हर काही हलेना. अजून दोन सवाऱ्या पाहिजेत म्हणाला. सव्वाचार झाले, साडेचार झाले. गुरुजींचं घड्याळाकडे बघणं मला बघवेना. सगळा दिवस लपूनछपून काढला आणि आता उशीर होणार! काकूच उतरून ड्रायव्हरला म्हणाल्या, "आरे बावा, ह्या दोन पेट्याच सवाऱ्या समज." तो बधला नाही. मग गुरुजींनी मागून मान पुढं केली.

"काय नाव बे तुह्यं? किती वर्सं झाले गाडी चालवून राह्यला?"

"एकवीस."

"कधी कोनाले ठोकलं?"

"नाही जी."

"तुहा सत्कार झाला काय कधी?"

ड्रायव्हरनं आरशात त्यांच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, थट्टा करताहेत. मग त्याला कळलं, हा माणूस खरंच विचारतोय. त्यानं गाडी सुरू केली. मेहकरला थांबलाच नाही, सरळ डोणगावच्या स्टँडपर्यंत आणून सोडलं. साडेपाचला तीन मिनिटं होती.

स्टँडवर हे एवढं गाव जमलं होतं. मोठा बॅनर लावला होता, त्यावर जहाजाचं चित्र. चित्र छापणाऱ्याला मिळालं ते युद्धनौकेचं, तोफांसकट, आणि तोफेच्या शेजारी गुरुजींचा पासपोर्ट फोटो. ढोलताशावाले सज्ज होते. समोर एक खुर्ची, तिच्यावर पांढरा टॉवेल. आम्ही उतरलो, टाळ्या झाल्या, एक पोरगं 'खोडके गुरुजी की' म्हणून ओरडलं, 'जय' झालं. आणि मग सगळं थांबलं. पुढं काय करायचं, कुणालाच माहीत नव्हतं. गावात सत्कार करणारा एकच माणूस आणि माईक लावणाराही एकच, आणि दोघंही जहाजावर गेले होते. मेहकरहून आणलेला माईक नुसता शिट्टी मारत होता. सरपंच हार घेऊन उभे. हार घातल्यावर बोलायचं की बोलून झाल्यावर घालायचा, यावर मागं दोघांची बाचाबाची चालली होती. सगळ्यांचे डोळे गुरुजींकडे.

गुरुजींनी एक मिनिटभर धीर धरला असेल. मग, "पाहुन्यायले खुर्च्या द्या ना बे! आनं हार खाली ठेवा, हार आखरीले असते!" मी धावत ॲम्प्लिफायरकडे गेलो, शिट्टी बंद केली. गुरुजी माईकसमोर जाऊन उभे राहिले. "उपस्थित मान्यवर, रसिक बंधू आणि भगिनींनो! आज आपल्यामध्ये एक असे व्यक्तिमत्त्व उपस्थित आहे..." स्वतःचंच प्रास्ताविक. लोकांना त्यात काही चुकीचं वाटलं नाही, कारण गुरुजी माईकवर आणि सगळं सुरळीत, हीच आमची सवय. त्यांनी मान्यवरांची नावं घेतली, त्यांना क्रमानं बसवलं, ढोलवाल्यांना दोन मिनिटं थांबायला सांगितलं. बोलताना त्यांनी माईकच्या दांड्याचा आधार घेतला होता. समोर टॉवेल घातलेली खुर्ची रिकामी.

काकू माझ्याजवळ आल्या. एवढंच म्हणाल्या, "यासीनभाई, बंद करा ते."

तीस वर्षांच्या धंद्यात मी कुणाचं भाषण तोडलं नाही. पुढाऱ्यांचीसुद्धा नाही, आणि त्यांची तोडायला हवी होती. मी वायर उपटली. "लाईन गेली, गुरुजी," मी ओरडलो. "तुमी बसून घ्या."

गुरुजींनी खांबावर पाहिलं. बॅनरवरचा बल्ब चांगला लख्ख पेटलेला होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता शिवी बसते. पण ते हळूहळू चालत गेले आणि खुर्चीत बसले. पाय दाबून बघितले नाहीत.

सरपंचांनी हार घातला. बरोबर मापाचा बसला. गुरुजींनी खाली मान घातली. सरपंच भाषणाला उभे राहिले, दोन वाक्यं बोलले, आणि मान काही वर येईना. गावाच्या काळजात चर्र झालं. काकू पुढं झाल्या, त्यांच्या नाकाशी बोट धरलं आणि गावाकडे वळून तोंडावर बोट ठेवलं. गुरुजी गाढ झोपले होते.

मग जो सत्कार झाला तसा आमच्या गावात कधी झाला नाही. सरपंचांनी उरलेलं भाषण कुजबुजत केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन मिनिटांत संपवलं. ढोलवाल्यांनी ढोल उपडे ठेवले. लोक एकेक करून चवड्यावर आले. कुणी पाया पडलं, कुणी नारळ मांडीवर ठेवला, तो घरंगळू नये म्हणून दुसऱ्यानं धरला. शाल घालताना मान उचलावी लागली, ती दोन जुन्या विद्यार्थ्यांनी अलगद उचलली. मोटर चोरणाराही आला होता. तो सगळ्यात जास्त वेळ उभा राहिला. आभार काकूंनी मानले, म्हणजे सगळ्यांना हात जोडले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

दिवेलागणीला लोक पांगले. काकू घरी आंघोळीला गेल्या. मी खुर्च्या गोळा करत होतो, तेव्हा गुरुजींना जाग आली. त्यांनी मांडीवरच्या नारळांकडे बघितलं, छातीवरच्या हारावरून हात फिरवला.

"यासीन, कार्यक्रम झाला काय?"

"झाला, गुरुजी."

"कसा झाला?"

"आभारापरेंत एकही मानूस उठून गेला नाही."

"मंग तं चांगला झाला," म्हणाले. मी घरी सोडायला हात पुढं केला, तर मान हलवली. "तू तुह्यं काम कर. मी बसतो थोडा."

मी बाकीच्या सगळ्या खुर्च्या उचलल्या. ती एक राहू दिली.